मागच्या सीटचे रुंद फूटरेस्ट: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

उजव्या फूटरेस्टचं रबर परवा खंबाटकी घाटात कुठेतरी गळून पडलं, म्हणून हे लिहितोय. नाहीतर जूनमध्येच चार तारे देऊन मोकळा होणार होतो.

गाडी साडेतीनशे सीसी, सिंगल सिलिंडर. अशी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना मागच्या माणसाच्या पायांचं काय होतं ते सांगायला नको. पुण्याहून वाईला निघालं की खेड शिवापूरलाच बायकोच्या तळपायांना मुंग्या यायच्या आणि शिरवळला चहा येण्याआधी चपला काढून पाय झटकणं सुरू व्हायचं. गाडीबरोबर आलेलं फूटरेस्ट अरुंद, सगळा भार पावलाच्या मधोमध. हा सेट जवळपास दुप्पट रुंद, वर जाड रबर, किंमत दीड हजार. दुकानदार फिटिंगचे वेगळे मागत होता, ते दिले नाहीत. एक पिन काढून दुसरी घालायची, त्याला कसले पैसे!

जागा मिळाली हे खरं. "पाय सरकवता तरी येतो आता," असं प्रशस्तिपत्रकही लगेच मिळालं. पण सत्तरच्या पुढे झिणझिण होतीच, कदाचित जास्तच. फूटरेस्ट हाताने हलवून पाहिलं तर खटखट वाजलं. ज्या पिनवर ते दुमडतं ती भोकात ढिली! सिंगल सिलिंडरचं इंजिन ४२०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ४२०० फेऱ्यांना, सेकंदाला ७० हिसके देतं. खाली लोखंडावर लोखंड आपटत असेल तर वरचं रबर मऊ असून उपयोग काय? दीड हजाराच्या वस्तूला भोक मापाचं पाडता येऊ नये, याचा मला अजून राग आहे. दोन्हीकडे वेव्ह वॉशर (लाटेसारखे वळवलेले, स्प्रिंगसारखे दाब देणारे) घातले, मोजून काही रुपयांचे. खटखट बंद झाली आणि मुंग्या थेट घाटापर्यंत पुढे गेल्या. फक्त फार घट्ट बसवू नका. वळणावर रस्त्याला टेकलं तर फूटरेस्ट सहज वर दुमडलं पाहिजे.

मग सर्व्हिसिंगला इंजिन सांगाड्याला धरून ठेवणारे माउंटिंग बोल्ट ठरलेल्या टॉर्कप्रमाणे, म्हणजे हवे तेवढेच घट्ट, कसून घेतले, चेन मॅन्युअलमधल्या मापाला आणली, मागच्या हबमधली, म्हणजे चाकाच्या मध्यातली, चेनचे हिसके झेलणारी कडक झालेली रबरं बदलली. फरक इतका पडला की फूटरेस्टचे चार तारे मी तिथल्या तिथे तीन केले. त्याचं श्रेय रुंदीपुरतंच.

आईचा प्रश्न वेगळा. ती एका बाजूला बसते, तिचे पाय साडी गार्डच्या पत्र्यावर. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमात मागच्या माणसासाठी हँडग्रिप, फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून अर्ध्या चाकाला आडोसा सांगितलाय. पाय बधिर होऊ नयेत असं काही लिहिलेलं नाही. पत्र्याला सायकलची जुनी ट्यूब दोन पदरी गुंडाळली. फुकटात झालं, आणि आईची तक्रार जवळजवळ संपली. हे लिहिताना दीड हजार आणखी टोचतात.

आता रबराचं. ते खाली दोन बोंडांवर नुसतं दाबून बसवलेलं असतं. पावसात चिखल शिरला, बोंडं सैल झाली, संपलं. दुकानदार म्हणतो, "सुटं येत नाही साहेब, सेट घ्या." सेट घेणार नाही. डावं काढून मापं घेतलीत: लांबी ९५ मिमी, रुंदी ४८, बोंडांमधलं अंतर ६०. कुणाला जुळणारं मिळालं तर दुकान सांगा, मला फक्त उजवं हवंय.