एनसीसी, एनएसएस की ख्रिस्ती विद्यार्थी मंडळ? नगरला शिकायला निघालेल्या आष्टी-पाटोद्याच्या मुलांसाठी

बारावीचा निकाल लागला की आष्टी, कडा, पाटोदा भागातली पुष्कळ मुलं नगरची वाट धरतात. जिल्हा बीड, पण शिक्षणाला जवळ नगर. २०२२ च्या सप्टेंबरात आष्टीपर्यंत रेल्वे आली आणि २०२५ साली मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला ती बीडला पोचली, त्यामुळे हा रस्ता आणखी सोपा झालाय. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ साली सुरू केलेलं अहमदनगर कॉलेज तिथलंच. ख्रिस्ती मंडळींनी उभ्या केलेल्या अशा कॉलेजात प्रवेश घेतला की मुलांपुढे पहिल्याच महिन्यात प्रश्न येतो, कशात नाव घालायचं?

त्याआधी आई-वडिलांचा एक प्रश्न असतो. दरवर्षी कुणीतरी मला बाजूला घेऊन हळूच विचारतं, "तिथं प्रार्थनेला बसवत्यात का हो?" राज्यघटनेचं कलम २८ (३) स्पष्ट आहे. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. तेव्हा या भीतीपायी चांगलं कॉलेज सोडू नका.

आता निवड. एक नियम आधीच लक्षात ठेवा, कारण मुलांना तो उशिरा कळतो. एनसीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेनेच्या, कॅडेटला एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, जाता येत नाही. या दोन्हींत एकच. ख्रिस्ती विद्यार्थी मंडळ मात्र कशाच्याही जोडीला चालतं.

एनसीसी १९४८ च्या कायद्यानं उभी राहिली. दोन वर्षांनी 'बी' आणि तिसऱ्या वर्षी 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा. परेडची हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही, आणि दहा-दहा दिवसांची शिबिरं करावी लागतात. फायदा रोख आहे. 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असलं आणि पदवीला ५० टक्के असले, तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखत मंडळापुढे जाण्याची वाट उघडते. अग्निवीर भरतीतही प्रमाणपत्राचा उपयोग होतो. वर्दीची खरी ओढ असेल तर दुसरा विचार करू नका. मुलींनाही हे तितकंच लागू आहे. पण भल्या सकाळची परेड गावाकडून येऊन-जाऊन जमत नाही, मुक्काम नगरलाच हवा. खोलीभाडं आणि मेस धरून घरात आधी बोलून घ्या. केवळ मित्रानं नाव घातलं म्हणून गेलेली मुलं दिवाळीनंतर गळतात, आणि तोवर एनएसएसच्या जागाही भरून गेलेल्या असतात.

एनएसएसबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या भागातल्या मुलांना ती सगळ्यात जास्त मानवते असं माझं ठाम मत आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. हे तास वर्षभर पसरलेले असतात, त्यामुळे घरची कामं सांभाळून ते भरता येतात.

ही सोय किती मोलाची आहे ते ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना विचारा. दसरा-दिवाळीनंतर आई-बाप कारखान्याकडे निघतात. मागं म्हातारी आजी, एखादी शेळी आणि धाकटी भावंडं, आणि सगळ्यांत मोठं ते कॉलेजात जाणारं पोर. त्याला दहा दिवसांचं शिबिर नाही जमत. सात दिवसांचं जमवता येतं, शेजारची काकू आजीकडे बघते. तेही अडत असेल तर कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच सांगा. लाजू नका.

शिबिरात काय शिकतात म्हणाल, तर मी पाहिलेला एक वनराई बंधारा सांगतो. ओढ्यात पाणी जेमतेम करंगळीएवढं वाहत होतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, दाभण-सुतळीनं तोंड शिवायचं आणि वीटकामासारखी सांधमोड करत थर लावायचे. एक मुलगा गोणी गच्च भरत होता. गावातल्या आजोबांनी ती हातानं दाबून पाहिली आणि म्हणाले, "एवढी ठासू नको, बसायची नाही, फट राहील." त्यानं दोन घमेली माती काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पोरं ओढ्याकडे पळाली, तर पाणी घोट्याच्या वर आलेलं. ज्या मुलाच्या घरी उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, त्याला त्या घोटाभर पाण्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

ख्रिस्ती विद्यार्थी मंडळाची परंपरा या दोन्हींपेक्षा जुनी. भारतातली विद्यार्थी ख्रिस्ती चळवळ १९१२ ची, कॅथलिक विद्यार्थ्यांची 'आयकफ' ही संघटना १९२४ ची. आठवड्यातून एकदा बैठक, बायबलचं वाचन, चर्चा, डिसेंबरात नाताळची गाणी. पेटी-ढोलकीवर मराठी भजनं म्हणत पोरं घरोघरी जातात तेव्हा ऐकणाऱ्याला वारकरी भजनाची आठवण येते. इथं प्रमाणपत्राचा हिशेब नाही, माणसं मिळतात. गावात एकटंच ख्रिस्ती घर असलेल्या मुलाला पहिल्यांदा आपल्यासारखी दहा-वीस मुलं एका खोलीत भेटतात, हे फार मोठं आहे. त्यानं इथं जरूर यावं. पण त्याच्या जोडीला एनएसएसही घ्यावं, नाहीतर तीन वर्षं त्याच दहा-वीस जणांत जातात. इतर धर्माच्या मुलांनाही चर्चेला बसता येतं का, ते तिथल्या प्राध्यापकांना सरळ विचारा.

गाणं, नाटक, पोवाडा, भारूड यांची आवड असेल तर युवक महोत्सवाची तालीम धरा. ती कशाच्याही जोडीला चालते. विद्यार्थी निवडणुकांच्या आशेवर मात्र राहू नका. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका गेल्या, २०१६ च्या कायद्यात परत आल्या, पण त्या कागदावरच अडकल्या.

मागच्या वर्षी कड्याकडची एक मुलगी वर्दी की एनएसएस यात अडकली होती. घरी आजी एकटी. मी तिला एवढंच म्हणालो, "पोरी, डिसेंबरात तू कुठं असशील ते आधी सांग." तिनं बोटावर महिने मोजले आणि एनएसएसचा फॉर्म भरला. यंदा धाकटा भाऊ दहावी उरकून घरी आहे, आजीला तो बघतो. आता ती विचारतेय, दुसऱ्या वर्षाला एनसीसीत घेतात का? मी तिला युनिटच्या ऑफिसात पाठवलंय, कारण तीन वर्षं पुरी झाल्याशिवाय 'सी' मिळत नाही आणि तिच्याकडे पदवीची दोनच उरलीत.