घरच्या पार्टीचं ड्रिंक्स: पूर्ण बार, बिअर-वाइन, एकच मोठं मिश्रण की ज्याची बाटली त्यानं आणावी?

पैसे मोजून पार्टी करायची असेल तर बाटलीच्या किमतीकडे पाहू नका, ग्लासाच्या किमतीकडे पाहा. ७५० मिलिच्या कडक दारूच्या बाटलीत ४५ मिलिचे सोळा पेग होतात. तेवढ्याच वाइनच्या बाटलीत १५० मिलिचे पाच ग्लास. ३३० मिलिची बिअर म्हणजे एकच ड्रिंक. पाच टक्क्यांची बिअर, बारा टक्क्यांच्या वाइनचा ग्लास आणि चाळीस टक्क्यांचा ४५ मिलिचा पेग यांत अल्कोहोल जवळपास सारखंच असतं, म्हणून ही तुलना न्याय्य आहे. प्रत्येक बाटलीची किंमत तिच्यातल्या ड्रिंक्सनी भागा. दुकानात स्वस्त वाटलेली गोष्ट घरी महाग का पडते, ते तिथेच कळतं.

आता माणसं धरा. वीस जण, त्यातले सहा न पिणारे, वेळ चार तास. पिणारा माणूस पहिल्या तासात दोन आणि मग तासाला एक घेतो असं धरलं, तर चौदा जणांना सत्तर ड्रिंक्स लागतात. सगळी बिअर घ्यायची तर २३ लिटर, सगळी वाइन तर चौदा बाटल्या, कडक दारू तर पाच बाटल्या.

पाच बाटल्या म्हटलं की मोह होतो: व्हिस्की, रम, व्होडका, जिन, टकीला, प्रत्येकी एक. पूर्ण बार! हाच पर्याय सगळ्यांत फसवा आहे, आणि इथेच मी सगळ्यांत जास्त लोकांना अडकलेलं पाहिलंय. आकडा जुळतो, पण पाहुणे समसमान वाटून पीत नाहीत. दोन बाटल्या दहा वाजता संपतात, टकीला जवळपास भरलेली राहते. शिवाय प्रत्येक दारूचा सोबती वेगळा: टॉनिक वॉटर, कोला, जिंजर एल, सोडा, रस. पेगमागे १५० मिलि धरलं तर सत्तर पेगांना साडेदहा लिटर मिक्सर, म्हणजे दारूत मिसळायचं पेय, लागतो, आणि पाच प्रकारांत वाटला की प्रत्येकातला थोडाथोडा उरतो. त्यात माप. बाटली थेट ग्लासात तिरकी केली की ४५ ऐवजी ६० मिलि सहज पडतं आणि सोळा पेगांची बाटली बारांत आटोपते. म्हणजे चौथा हिस्सा गेला, तोही कुणी मागितलेला नसताना. बार ठेवायचाच असेल तर दोनच दारू ठेवा आणि बाटलीशेजारी पेगचं माप ठेवा.

याच्या उलट, एकच मिश्रण आधी करून ठेवणं. माझा कौल उघडपणे इकडे आहे. कडक दारूच्या एका बाटलीला ४०० मिलि लिंबाचा रस (साधारण पंधरा-वीस लिंबं), ३५० मिलि साखरेचा पाक, ३५० मिलि पाणी. पाणी विसरू नका. एकेक ग्लास बर्फात घुसळून करताना जे पाणी मिसळतं, ते इथे आपणच घालायचं असतं, नाहीतर पेय उग्र लागतं. हे सकाळी करून फ्रीजमध्ये ठेवा आणि वाढायच्या वेळी वरून थंडगार सोडा एक लिटर. सोडा आधी घातलात तर त्यातला वायू उडून जातो. सोळा ग्लास तयार, ताकद दहा टक्क्यांच्या आसपास, वाइनच्या जराशी खाली. या मिश्रणात महागडी बाटली घालणं म्हणजे पैसे लिंबात बुडवणं. मध्यम दर्जाची पुरते. वाचलेले पैसे ताज्या लिंबांवर आणि बर्फावर घाला.

धोका एकच, पण खरा: गोड-आंबट चवीत दारू कळत नाही. भांड्यावर काय आहे ते ठळक लिहा. शेजारी तेच मिश्रण दारूशिवाय ठेवा. न पिणाऱ्यांना आणि गाडी चालवणाऱ्यांना कोपऱ्यातला कोमट कोला देणं मला अजिबात पटत नाही.

बिअर-वाइन हा सगळ्यांत बिनघोर मार्ग. माप नाही, मिक्सर नाही. अडतं ते थंड करण्यावर. २३ लिटर बिअर घरच्या फ्रीजमध्ये मावत नाही, टब लागतो. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ यांत बाटल्या लवकर थंड होतात, कारण पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं आणि मीठ त्याचं तापमान शून्याखाली नेतं. ग्लासांसाठी माणशी अर्धा किलो बर्फ धरा, टबाचा त्याहून वेगळा. वाइन बरीच लागणार असेल तर तीन लिटरचा नळवाला खोका पाहा: चार बाटल्यांएवढी वाइन, आणि उघडल्यावर आतली पिशवी आकसत जाते, हवा शिरत नाही, म्हणून काही आठवडे टिकते.

ज्यानं त्यानं आपली बाटली आणायची, हे खर्चाला सगळ्यांत हलकं. पण मोघम सांगितलं तर सगळे एकच गोष्ट आणतात आणि सोडा कुणीच आणत नाही. "तू बारा बिअर, तू दोन वाइन" असं नेमकं वाटून द्या. बर्फ, पाणी, ग्लास आणि मिक्सर मात्र यजमानाचेच.

वरच्या वीस जणांसाठी मी असं घेईन: चोवीस बिअर, चार वाइन, आणि दोन बाटल्यांचं मिश्रण. शहात्तर ड्रिंक्स. मिश्रणासाठीची दारूची दुसरी बाटली पहिलं भांडं निम्मं होईपर्यंत उघडू नका. न उघडलेली कडक दारू कपाटात वर्षानुवर्षं राहते, लिंबू घातलेलं मिश्रण दुसऱ्या दिवशीच उतरतं. वाइनचंही तसंच, एक संपल्यावरच दुसरीचं बूच काढा. उघडी बाटली फ्रीजमध्येही तीन-पाच दिवसच बरी लागते.