जुन्या गार्डन ट्रॅक्टरला हॉर्न: भोंगा बरा, वायर भिकार

बटणावरचं बोट काढलं तरी हॉर्न वाजतच राहिला. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, तरीही वाजतोय. शेवटी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली तेव्हा कुठे थांबला. बटण उघडून पाहिलं तर आतले पॉइंट वितळून एकमेकांना चिकटलेले. तोवर जुन्या गार्डन ट्रॅक्टरला बसवलेल्या या हॉर्नच्या किटबद्दल चार बरे शब्द लिहायचं मनात होतं.

ट्रॅक्टर म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टरचा अगदी पहिला कब कॅडेट, १९६१ सालापासूनचं मॉडेल, कोहलरचं ७ हॉर्सपॉवरचं सिंगल सिलिंडर इंजिन. गवत कापायच्या ट्रॅक्टरला हॉर्न कशाला, हा प्रश्न घरात विचारून झालेला आहे, इथे पुन्हा नको. चालवणाऱ्याच्या कानांवर मफ, खाली पाती फिरतायत आणि कुंपणाच्या वळणावरून कोण येईल याचा नेम नाही. ओरडून काही उपयोग होत नाही.

किटमध्ये १२ व्होल्टचे दोन डिस्क हॉर्न (एक हाय टोन, एक लो), एक दाबायचं बटण, वायरीच्या टोकांना लावायची थिंबल आणि वायर. आता ही वायर. माझी निम्मी चिडचिड तिच्यावरच आहे. कॉपर जेमतेम अर्धा चौरस मिलिमीटर, वरचं प्लास्टिक मात्र असं गुबगुबीत की बघणाऱ्याला वाटावं केवढी दणकट! दोन्ही हॉर्न मिळून सुमारे ९ अँपिअर खेचतात. बॅटरीपासून बटण आणि तिथून हॉर्न, अशी ३ मीटर वायर धरली तर जवळजवळ १ व्होल्ट वायरमध्येच खर्ची पडतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये हेच नुकसान ०.२ व्होल्टच्या आसपास येतं. एवढ्याशा तांब्यात कंजूषी करून कुणाचा बंगला बांधून होणार आहे?

आणि पत्रकात छापलंय, ‘रिलेची गरज नाही’. रिले म्हणजे बटणाच्या थोड्याशा करंटवर हॉर्नचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. हॉर्नच्या आत कॉइल असते. पडदा थरथरत असताना तिचा करंट सेकंदाला शेकडो वेळा तुटतो-जुळतो. बोट काढलं की बटणात ठिणगी पडते, तीही दर वेळी. ते चिमुकलं बटण हे किती दिवस सोसणार? विक्रेत्याचं उत्तर ऐका: ट्रॅक्टरला हादरे बसतात, त्यामुळे वॉरंटी लागू नाही. खोक्यावर चित्र ट्रॅक्टरचं! फोटो पाठवला, तर बटण ‘वापराने झिजणारा भाग’ ठरलं. पुढे वाद घातला नाही. जितका वेळ गेला तेवढ्यात रिले बसवून झाला असता, आणि मग तोच बसवला.

जोडणी सोपी आहे. बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून जाड वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून हॉर्नला. ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं, त्यातलं एक बटणाकडे. आता बटणातून अँपिअरचा एक बारीक तुकडाच जातो. आमच्या ट्रॅक्टरला निगेटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू ट्रॅक्टरच्या सांगाड्याला जोडलेली. मॅग्नेटोवाला, म्हणजे ठिणगीपुरती वीज स्वतःच बनवणारा, बिनबॅटरीचा ट्रॅक्टर असेल त्यांनी सरळ रबरी फुग्याचा भोंगा घ्यावा.

रिलेनंतरही आवाज कधी खणखणीत, कधी घसा बसल्यासारखा. म्हटलं हॉर्नच टाकाऊ. पण मीटर लावल्यावर मत फिरलं. हॉर्न बॉनेटच्या बाजूला कसलेले, म्हणजे अर्थ येणार बिजागरीतून, आणि बिजागरीत इतक्या वर्षांचं ग्रीस आणि रंगाचे थर. हॉर्नच्या बोल्टपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी वायर टाकली, आवाज सुधारला. उरलेली कुरकुर आयडलवरची. या ट्रॅक्टरला स्टार्टर आणि जनरेटर एकच, आणि कमी फेऱ्यांना तो चार्ज देत नाही. तेव्हा हॉर्न निव्वळ बॅटरीवर चालतो. बॅटरी थकलेली असेल तर हॉर्नही थकलेला वाजणार, त्याला किट काय करील?

मग लो टोनचा हॉर्न काढूनच टाकला. फुल थ्रॉटलला इंजिनाच्या धडधडीत तो मला तरी ऐकूच येत नव्हता. हाय टोन एकटा स्पष्ट ऐकू जातो आणि करंट निम्म्यावर आला. मध्यंतरी तोही घोगरा झाला होता. मागचा स्क्रू पाव आट्याहून कमी फिरवला, सूर लागला. त्या स्क्रूवर रंगाचं सील असतं, ते फोडायला घाबरू नका. हॉर्न मात्र त्याच्या लवचीक पट्टीवरच बसवा. पत्र्याला टेकला की आवाज मेलाच. आणि नटाखाली स्प्रिंग वॉशर हवाच, सिंगल सिलिंडर काहीही सैल करतो.

तर हॉर्नला पाचपैकी चार, बटणाला शून्य. वायरीला उणे गुण देता येत नाहीत म्हणून तिलाही शून्य. फेकली मात्र नाही. पैसे मोजलेत, सध्या तिने वेल बांधलेत, आणि ते काम ती चोख करते.