ईपीएबीएक्सला व्हॉइसमेल जोडायचाय: कार्ड घ्यावं, वेगळं यंत्र घ्यावं की सिस्टीमच बदलावी?

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि कॉलेज रोडच्या ऑफिसांत आठ ट्रंक लाइन (बाहेरच्या लाइन) आणि बत्तीस एक्स्टेंशनचा (आतल्या फोनचा) ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचं स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंज, अजूनही निमूटपणे चालू असतो. संध्याकाळी रिसेप्शनवरची मुलगी घरी गेली की ०२५३ वर आलेला फोन नुसताच वाजत राहतो, आणि मग कधीतरी मालक म्हणतात, व्हॉइसमेल बसवून टाका, निरोप तरी रेकॉर्ड होईल.

कोटेशनमध्ये किती तासांचं रेकॉर्डिंग मिळेल ते ठळक अक्षरांत असतं. त्याकडे फार बघू नका. टेलिफोनच्या नेहमीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात, म्हणजे एक जीबीत जवळपास ३५ तास मावतात. जागा आता कोणालाच कमी पडत नाही. व्हेंडरला विचारायचं ते वेगळंच: फोन मुळात कोणासाठी आला होता हे व्हॉइसमेलला कळतं का, आणि समोरच्याने फोन ठेवला हे कळतं का?

त्याच कंपनीचं व्हॉइसमेल कार्ड ईपीएबीएक्समध्ये बसवलं तर दोन्हींचं उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असतं. सगळं एकाच डब्यात, त्यामुळे २१४ वर कोणी उचललं नाही तर निरोप २१४ च्याच मेलबॉक्समध्ये जातो आणि त्या फोनवरचा दिवा लागतो. मर्यादा पोर्टची, म्हणजे एका वेळी फोन घेणाऱ्या जोडण्यांची: दोन पोर्टच्या कार्डवर एका वेळी दोघंच निरोप ठेवू शकतात. दुसरी मर्यादा मॉडेलची. कंपनीने ते बंद केलं असेल तर कार्ड जुन्या बाजारातच शोधावं लागतं, आणि त्याची वॉरंटी कोण देणार?

वेगळं यंत्र स्वस्त दिसतं. खरी कसरत तिथेच आहे. हे यंत्र दोन-चार साध्या एक्स्टेंशनना जोडतात, त्यांचा हंट ग्रुप करतात (एक गुंतलेलं असेल तर फोन आपोआप पुढच्यावर जातो) आणि बाकीचे फोन ‘नो रिप्लाय’ झाले की तिकडे वळवतात. यंत्राने फोन उचलताच ईपीएबीएक्सने मूळ एक्स्टेंशनचा नंबर टोनच्या आकड्यांत (बटणं दाबल्यावर वाजतात तशा) पाठवायला हवा. तो पाठवत नसेल, तर फोन करणाऱ्याला पुन्हा ‘कृपया एक्स्टेंशन नंबर दाबा’ ऐकावं लागतं, आणि बरेच जण तिथेच फोन ठेवतात. काही मोठ्या एक्स्चेंजमध्ये हीच माहिती सीरियल केबलवरून जाते. छोट्यांत सहसा ती सोय नसते.

फोन ठेवल्याचं कळणं त्याहून नाजूक. समोरचा गेला की ईपीएबीएक्स त्या एक्स्टेंशनवर एंगेज टोन सोडतो आणि यंत्राने तो ओळखून लाइन सोडायची असते. आयात केलेलं यंत्र अमेरिकी टोनवर लावलेलं असेल, म्हणजे ४८० आणि ६२० हर्ट्झ, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद, तर तुमच्या ईपीएबीएक्सचा टोन त्याला बोलण्याचाच भाग वाटतो. मग मेलबॉक्समध्ये निरोपाऐवजी टूं-टूं साठतं, पोर्ट अडकतात आणि पुढच्याला लाइनच मिळत नाही. टोन शिकवायची सोय यंत्रात आहे का, हे पैसे देण्याआधीच बघा. चाचणी सोपी आहे: मोबाइलवरून फोन लावा, ग्रीटिंग अर्ध्यावर असताना ठेवा, मग निरोप सांगता सांगता ठेवा, मग पोर्ट असतील तितके मोबाइल एकदम लावून ठेवा. पोर्ट लगेच मोकळे झाले नाहीत तर व्हेंडरला जाऊ देऊ नका.

तिसरा मार्ग आयपी पीबीएक्सचा, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कवर चालणाऱ्या एक्स्चेंजचा. त्यासाठीचं ॲस्टेरिस्क हे सॉफ्टवेअर १९९९ पासून आहे, मुक्त आहे, व्हॉइसमेल त्यातच येतो आणि निरोपाची ध्वनिफाइल थेट ईमेलवर जाते. पिंपळगावच्या द्राक्ष निर्यातदाराला परदेशातून रात्री फोन येत असतील तर ही सोय सोन्यासारखी. जुने फोन आणि तांब्याच्या तारा गेटवे (जुन्या लाइन नेटवर्कला जोडणारा डबा) लावून ठेवता येतात. पण जुन्या ट्रंक लाइनही गेटवेतूनच घेतल्या, तर फोन ठेवल्याचं ओळखायचा त्रास संपत नाही, तो फक्त बाहेरच्या बाजूला सरकतो. तिथे भारतीय एंगेज टोन, ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण बंद, गेटवेत भरावा लागतो. शिवाय सांभाळणारा माणूस हवा. एक्स्टेंशनचा पासवर्ड आणि नंबर एकच ठेवून सर्व्हर इंटरनेटवर उघडा सोडला, तर कोणीतरी तुमच्या खर्चाने परदेशी फोन लावू शकतं.

मला मधला रस्ता आवडतो. ईपीएबीएक्समध्ये सिप ट्रंकची (नेटवर्कवरून फोन जोडायची) सोय असेल तर तो तसाच राहू द्यायचा आणि ॲस्टेरिस्क फक्त व्हॉइसमेलसाठी जोडायचा. फोन कोणाकडून वळला, तो कधी संपला, ही माहिती सिपच्या संदेशांतूनच जाते, टोन ऐकत बसावं लागत नाही. वळवलेल्या फोनबरोबर मूळ एक्स्टेंशनचा नंबर तुमचं मॉडेल पाठवतं का, एवढं आधी तपासून घ्या. सिपची सोय नसेल आणि कार्ड नवं मिळत असेल, तर बारा-पंधरा एक्स्टेंशनच्या वर्कशॉपने डोळे मिटून कार्ड घ्यावं. वेगळं यंत्र शेवटी, तेही चाचणी पाहूनच.

ग्रीटिंग आधी मराठीत, मग हिंदीत, आणि आटोपशीर. आपल्याकडे यंत्राशी बोलायचा लोकांना संकोच असतो. लांबण लावली की फोन ठेवून व्हॉट्सॲप करतात. नाव आणि नंबर सांगायला आवर्जून सांगा, कारण साध्या लाइनवर कॉलर आयडी सुरू नसेल तर फोन कोणाचा होता हे कळत नाही.

आणि चारच एक्स्टेंशनचा दवाखाना असेल, तर यातलं काहीच नको. रात्रीचा फोन मोबाइलवर वळवा.