लेकीच्या हृदयात बसवलेली छत्री, आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

शाळेच्या तपासणीत डॉक्टरांना मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आला, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली तर एएसडी, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. सासूबाईंचं लगेच सुरू, पोरीची छाती फाडणार का गं... नाही फाडली. जांघेतल्या शिरेतून नळी वर नेऊन भोकात छत्री बसवली, दुसऱ्या दिवशी घरी.

डिव्हाइस, म्हणजे ही छत्री, ॲम्प्लात्झर ब्रँडचं. निकेल-टायटॅनियमच्या बारीक तारेच्या जाळीच्या दोन चकत्या, मधे कंबर, आत पॉलिस्टरचं कापड. डॉक्टरांनी सॅम्पल हातात दिलेलं, ओढलं की दोरीसारखं लांब होतं आणि सोडलं की टुणकन परत चकती, मी चार वेळा ओढून बघितलं. माप कंबरेचं सांगतात, आमचं १८ मिमी. मला सगळ्यात आवडलं ते हे की छत्री नळीतल्या केबलला स्क्रूने अडकलेली असते, मनासारखी बसली नाही तर परत नळीत ओढून घेता येते. आमची पहिल्यांदा तिरकी बसली, ओढली, दुसऱ्यांदा नीट बसली तेव्हाच स्क्रू सोडला. १९७५ ला अमेरिकेत किंग आणि मिल्सनी पहिल्यांदा असं भोक बंद केलं तेव्हा नळी २३ फ्रेंच होती, म्हणजे साडेसात मिमीच्या वर, आमची त्याच्या निम्म्याहून बारीक.

प्रत्येक भोकाला चालत नाही हां, छत्रीला धरायला कडेने पडदा शिल्लक लागतो, सायनस व्हिनोसस (मोठी शीर हृदयात शिरते तिथलं भोक) वगैरे प्रकाराला सहसा ऑपरेशनच.

आता तक्रार. हॉस्पिटलचं नाव देत नाही, पण निकेलची ॲलर्जी आहे का हे कुणी विचारलंच नाही! खोट्या कानातल्यांनी तिचे कान चिघळतात म्हणून मीच विषय काढला, मग पॅच टेस्ट (कातडीवर पट्टी लावून करतात ती ॲलर्जीची तपासणी) झाली, निगेटिव्ह आली, सुटलो. दुसरं, डिस्चार्जच्या फाइलमध्ये डिव्हाइसचं कार्डच नव्हतं. पुढे कधी एमआरआय काढायचा तर मॉडेल आणि साइज कुठून सांगणार? दोन चकरा मारल्यावर मिळालं, ते पण झेरॉक्स, ओरिजिनलसाठी अजून भांडतेय.

सहा महिने ॲस्पिरिन चालू होती, दाताचं काही करायचं तर आधी अँटिबायोटिक. आता गोळी बंद, खो-खो परत सुरू, आणि वर्गात सांगत फिरते की माझ्या आत छत्री आहे, पावसाळ्यात दुसरी नेणार नाही.