पोलिसांसाठीचं ऑटिझम ट्रेनिंग: ५ पैकी साडेतीन, तेही रोल-प्लेमुळे

ओळखीतले बरेच पालक विचारून राहिले होते की ते पोलिसांना ऑटिझमचं ट्रेनिंग देणारे लोक कसे आहेत, आपल्या सोसायटीच्या गार्डसाठी, शाळेच्या व्हॅनवाल्यांसाठी बोलवायचे का. नागपुरात सिव्हिल लाईन्सकडे त्यांचं हाफ डे वर्कशॉप झालं तिथे मी पालक म्हणून बसलो होतो, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. संस्थेचं नाव टाकत नाही कारण खाली थोडं वाकडंही लिहिलंय, पाहिजे त्यांना पर्सनली सांगीन. आमचा पोरगा १९ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे, बोलतो पण कमी, आणि आता मिशा आल्या त्यामुळे रस्त्यावर कोणी "लहान आहे, जाऊ द्या" म्हणत नाही, तर माझं बघणं त्या हिशोबाचं आहे.

पहिला तास सोडून द्या. दिवा, बुके, पाहुण्यांचा परिचय, मग पीपीटी. स्लाईड इंग्रजीत आणि समोर हवालदार मंडळी मोबाईल खाली धरून व्हॉट्सअ‍ॅप पाहून राहिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, आणि त्याच कायद्याचं कलम ४७ सांगतं की पोलिसांच्या ट्रेनिंगमध्ये हा विषय असलाच पाहिजे, हे सगळं बरोबर होतं पण वाचून दाखवलं नुसतं. आणि जी गोष्ट ठाण्यात खरंच कामी येते ती अर्ध्या मिनिटात उरकली, ती म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. एखाद्या केसमध्ये माहिती विचारायला, साक्षीसाठी वगैरे बोलवायचं असेल तर मानसिक किंवा शारीरिक दिव्यांग माणसाला ठाण्यात यायची जबरदस्ती करता येत नाही, पोलिसांनीच त्याच्या घरी जायचं. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे या संहितेच्या आधीच्या कायद्यात, हे कलम १६० मध्ये होतं. माझ्या शेजारी बसलेल्या पीएसआय मॅडमनी तेवढंच डायरीत लिहून घेतलं, बाकी काही लिहिलं नाही, यावरून समजा.

मग चहा-समोसा झाला आणि नंतर जे झालं त्याच्यासाठी मी साडेतीन स्टार देऊन राहिलो. ट्रेनरने पीपीटी बंद केली, खुर्च्या गोल करायला लावल्या आणि एका ऑटिस्टिक तरुणालाच पुढे आणलं. त्याला आधी सगळं समजावून, त्याला चालेल का विचारून आणलं होतं, तमाशा केला नाही हे आवडलं. एका चार्लीला, म्हणजे बाईकवर गस्त घालणाऱ्या पोलिसाला उठवलं, म्हणे हा पोरगा रात्री अकरा वाजता बंद दुकानाच्या शटरजवळ उभा आहे, हात हलवून राहिला, तुम्ही बाईकवरून आले, आता बोला. तो बोलला, "नाव काय रे?" पोरगा म्हणाला, "नाव काय रे?" परत विचारलं, "कुठं राहतो?" तर "कुठं राहतो?" हॉलमध्ये सगळे हसले, चार्लीचा चेहरा लाल. ट्रेनर म्हणाला, बास, इथेच थांबा, आता खरं सांगा तुम्हाला काय वाटलं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "चिडवून राहिला असं वाटलं सर, ड्युटीवर असतो तर एक लावली असती."

मला त्या चार्लीचा रागच आला नाही, उलट बरं वाटलं की कोणीतरी बोललं. कारण रस्त्यावर नेहमी हेच होते. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत बोलणं हे ऑटिझममध्ये खूप कॉमन आहे, त्यात मस्करी नसते. आणि यातून पुढचा धोका ट्रेनरने दाखवला तो तर मी पण या अँगलने पाहिला नव्हता, त्याने त्याच पोराला विचारलं "मोबाईल तूच घेतला ना?" आणि पोरगा म्हणाला "तूच घेतला ना, हो". झाला कबुलीजबाब! हॉल एकदम शांत. नजर चुकवतो म्हणजे चोर, उत्तर देत नाही म्हणजे माज, अंगाला हात लावला की पळतो म्हणजे नक्कीच काहीतरी केलंय, हे पोलिसांचे नेहमीचे ठोकताळे इथे एकेक करून उलटे पडत होते.

मग त्यांनी शिकवलं ते एकदम साधं. सायरन आणि लाल-निळा लाईट बंद करा, एकानेच बोला, बाकीच्यांनी मागे व्हा. एक वाक्य बोला, छोटं, आणि मग मनात दहापर्यंत मोजा, गप्प. "पळू नको" ऐवजी "इथे उभा राहा" म्हणा, काय नाही करायचं ते नाही, काय करायचं ते सांगा. मागून हात टाकू नका. हात हलवतो, झुलतो तर हलवू द्या, तो स्वतःला शांत करून राहिला आहे. आणि खाली पाडून, पालथं करून पाठीवर बसणं तर अजिबात नाही, श्वास कोंडून जीव जाऊ शकतो. दहा सेकंद थांबण्यावर एक म्हातारे जमादार म्हणाले, "आमच्या ठाण्यात दहा सेकंद गप्प बसलं की ठाणेदार विचारते, काऊन बे, झोपला का?" सगळ्यात जास्त हशा त्यालाच. पण मग त्याच जमादारांनी करून पाहिलं आणि सातव्या-आठव्या सेकंदाला पोराने स्वतःहून नाव सांगितलं.

अमेरिकेतली २०१६ ची नॉर्थ मियामीची घटना पण सांगितली. ऑटिस्टिक माणूस रस्त्यावर बसलेला, हातात खेळण्यातला ट्रक, त्याचा केअरटेकर जमिनीवर हात वर करून ओरडून सांगून राहिला की हे खेळणं आहे, तरी पोलिसाने गोळी झाडली आणि ती केअरटेकरच्याच पायाला लागली. आपल्याकडे उठसूट बंदूक निघत नाही हे खरं, पण काठी निघते, आणि हे तिथे बोलायला पाहिजे होतं, बोलले नाहीत. पोलीस बसले होते समोर म्हणून असेल.

हरवलेल्या मुलांचा भाग छान होता, नागपूरकरांनी तर ऐकायलाच पाहिजे. ऑटिस्टिक मुलं घरातून निघून जातात आणि बऱ्याच जणांना पाण्याची ओढ असते, अमेरिकेत अशा निघून गेलेल्या मुलांच्या मृत्यूंमध्ये बुडणं हेच सगळ्यात मोठं कारण दिसलंय. आता आपल्याकडे फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर, सक्करदरा, सोनेगाव, कुठल्याही घरापासून एखादा तलाव जवळच. म्हणून मिसिंगचा फोन आला की बस स्टँड आणि नातेवाईक नंतर, आधी जवळचं पाणी, टाकी, विहीर पाहा असं स्पष्ट सांगितलं. यात एक मोठी गोष्ट सुटली मात्र. १८ च्या आतलं मूल हरवलं तर अपहरण समजून गुन्हा दाखल होतो, २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून, पण १९ वर्षांचा गेला तर नुसती मिसिंगची नोंद आणि "मोठा आहे, येईल संध्याकाळी". मी हात वर करून विचारलं तर "गुड पॉईंट" म्हणून पुढे गेले.

पूर्ण वर्कशॉपमध्ये मोठ्या मुलांबद्दल फार कमी होतं, मुलींबद्दल तर जवळजवळ नाहीच. आणि अजिबात न बोलणाऱ्यांचं काय, ते पण दोन वाक्यांत.

अर्धा स्टार मी साऊंड सिस्टीमसाठी कापला. ऑटिझमच्या वर्कशॉपमध्ये माईक असा कर्कश्श शिट्टी मारून राहिला की तो रोल-प्लेवाला पोरगा पहिला अर्धा तास कान दाबून कोपऱ्यात बसला होता, त्याची आई तीनदा जाऊन सांगून आली तेव्हा आवाज कमी केला. इतक्या छोट्या हॉलला माईक पाहिजे कशाला?

दुसरं म्हणजे माणसं चुकीची. टेबलावरचे जास्त, रात्री बाईकवर फिरणारे चार्ली मोजकेच. ११२ ला फोन केला की दारात कोण येतं? तेच. अमेरिकेत मेम्फिसला १९८८ पासून मानसिक क्रायसिसच्या कॉलसाठी निवडक पोलिसांना ४० तासांचं ट्रेनिंग देतात, आपण ४० तास मागत नाही, पण रोल-प्लेचा एक तास प्रत्येक ठाण्याच्या हजेरीच्या वेळी घ्या ना, पीपीटीशिवाय. एका लेडी कॉन्स्टेबलने मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीच्या बंदोबस्ताचं विचारलं, एवढ्या गर्दीत, ढोल-ताशात पोरगं बिथरलं तर काय, तर उत्तर आलं की त्याला हलवण्याआधी त्याच्याभोवतीची गर्दी हलवा, जमलं तर कडेच्या दुकानात न्या. मला हे पूर्ण वर्कशॉपमधलं सगळ्यात कामाचं वाटलं.

शेवटी सगळ्यांना खिशात मावणारं लॅमिनेटेड कार्ड दिलं, मराठीत, मोठ्या अक्षरात, ते झकास आहे. पालकांना पण मुलाचं कार्ड बनवून देतात. पोराला एक गोष्ट मात्र शिकवा, पोलिसासमोर एकदम खिशात हात घालायचा नाही, आधी "माझ्याकडे कार्ड आहे" म्हणायचं, बोलता येत नसेल तर कार्ड गळ्यात बाहेर दिसेल असं. यूडीआयडीची, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राची झेरॉक्स पण सोबत ठेवा.

तर सोसायटी आणि व्हॅनवाल्यांसाठी बोलवा, पण बोलवताना सांगा की फक्त दुसरा भाग पाहिजे, माईक नको, आणि उदाहरणं मोठ्या मुलांची घ्या. पार्किंग हॉलच्या मागच्या गल्लीत आहे, समोर लावू नका, माझ्या गाडीला जॅमर लागला होता.