कॉन्ट्रॅक्टरकडून घराचं काम करून घेतलं, त्याला आठ महिने झाले (आणि बाथरूमचा ढाळ)

आंघोळ झाली की दाराशी, उंबरठ्याच्या आतल्या बाजूला, ताटाएवढं पाणी साचतं. रोज. वायपरने जाळीकडे लोटायचं, वायपर भिंतीला टेकवायचा, टॉवेल घेऊन वळेपर्यंत त्यातलं वाटीभर परत दाराशी हजर. आम्ही ठाण्याचे, त्यामुळे लेकीने इथल्या तळ्याकाठावरून त्याचं नाव तलावपाळी ठेवलं. पाहुण्यांसमोरसुद्धा ओरडते, "आई, तलावपाळी भरली!" जवळजवळ नऊ लाख घालवून मला हे ऐकावं लागतं.

घर नौपाड्यात, १९८९ ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ज्यांनी जुन्या घराचं काम काढलंय त्यांना एवढ्यावरून पुढचं कळेल. जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) पाइप आतून गंजून करंगळीही जाणार नाही इतके अरुंद झालेले, गिझरचं पाणी आधी तांबडं आणि मग गरम, बेडरूममध्ये मोजून दोन प्लग. दोन्ही बाथरूम, ओटा, सगळी फरशी, वायरिंग, रंग सगळं एकदमच काढलं. दोनदा धूळ खायची नव्हती.

कोटेशनं तीन आली. एका चकचकीत इंटिरियरवाल्यांनी कॉम्प्युटरवर चित्रं दाखवून चौदा लाख सांगितले. वॉचमनच्या ओळखीचा एक जण साडेपाचात करायला तयार होता, पण त्याने टेपसुद्धा आणली नव्हती, पावलं टाकून खोली मोजली. आमचा कॉन्ट्रॅक्टर ७,८५,००० वर होता. मधला घेतला. आपण सगळे मधलाच घेतो. "बिल हवं असेल तर अठरा टक्के जीएसटी वर," म्हणाला. मी बिल नको म्हटलं. करारही साध्या कागदावर केला, कारण शंभराचा स्टॅम्प पेपर आता मिळत नाही, पाचशेचाच घ्यावा लागतो, आणि पाचशे रुपये मला जड झाले. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

१८ नोव्हेंबर २०२४ ला पहिला घण पडला. पंचेचाळीस दिवसांत, म्हणजे नव्या वर्षाला नव्या घरात, असं ठरलं होतं. आम्ही बहिणीकडे डोंबिवलीला दोन बॅगा घेऊन गेलो आणि २० फेब्रुवारीला परतलो. चौऱ्याण्णव दिवस. त्यातले एकोणीस दिवस फरशीचा मिस्त्री गावाला लग्नाला गेला होता. आठवडाभर सगळीच माणसं कॉन्ट्रॅक्टरच्या घोडबंदरच्या दुसऱ्या साइटवर होती, हे मला फोनवर मागून येणाऱ्या कटरच्या आवाजावरून कळलं. उरलेला उशीर कशाचा हे त्यालाही सांगता येणार नाही. शिवाय सोसायटीचे नियम: ठोकाठोकी दहा ते सहा, दुपारी दोन ते चार बंद, रविवारी पूर्ण बंद. हे त्याला आधी सांगितलेलं होतं. तरी रोज दोनला त्याचा चेहरा नवीन बातमी ऐकल्यासारखा.

पैसे वाढले ते असे. जुना गिलावा हात लावताच सुटून खाली आला, त्याचे ४१,००० (हे खरं होतं, मी स्वतः टकटक करून पोकळ आवाज ऐकला). वाढीव लाइट पॉइंट अठरा, नऊशेप्रमाणे १६,२००. ओट्याखालच्या कडप्प्याचे १४,८००. किरकोळ म्हणून १२,३००. आणि डेब्रिज, म्हणजे फोडलेला राडारोडा. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवून टेम्पोत भरायचे गोणीमागे चाळीस रुपये. त्याने ५५० गोण्या लावल्या, बावीस हजार. मी वॉचमनची वही काढली. पाच टेम्पो गेले होते, आणि एका टेम्पोत ऐंशी गोण्या बसतात हे हमालानेच मला सांगितलं होतं. चारशे झाल्या. सोळा हजार दिले. त्या दिवशी मी खूश होते, खोटं कशाला बोलू. एकूण ८,८५,३००.

त्यातले पंचवीस हजार मी अडवून ठेवले. ढाळासाठी.

आता ढाळ. बाथरूम सात बाय चार. जाळी गिझरखालच्या कोपऱ्यात, दार समोरच्या टोकाला. फुटाला साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग) ढाळ धरला तरी दारापासून जाळीपर्यंत फरशी पाऊण-एक इंच खाली गेली पाहिजे, आणि नुसती एकाच दिशेने नाही, दोन्ही बाजूंनी कोपऱ्याकडे. मी हे शिकले कसं? लेकीची जुनी गोटी घेऊन. कोरड्या फरशीवर गोटी ठेवायची आणि सोडायची. जाळीजवळच्या लादीवर गोटी धावते. मधल्या लादीवर विचार करते. दाराजवळच्या लादीवर उलटी, दाराकडे येते. त्याचा मी व्हिडिओ काढून कॉन्ट्रॅक्टरला पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवला. मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, थोडा यूज करो, पानी अपना रास्ता बना लेगा." पाणी रस्ता बनवतं दगडात, तेही हजार वर्षांनी. माझी लादी व्हिट्रिफाइड आहे.

आमच्या माहेरी, गुहागरजवळ, मोरीत साधा काळा दगड होता. कोणी लेव्हल लावली नसेल, तांब्या ओतला की पाणी परसातल्या केळीपर्यंत पोचायचं.

इथपर्यंतचा मजकूर मी मार्चमध्येच लिहून ठेवला होता, शेवटी पाचपैकी दीड मार्क देऊन. बरं झालं तेव्हा टाकला नाही.

कारण जुलैत खालचे काका वर आले. त्यांच्या बाथरूमच्या भिंतीला ओल, रंगाचे पापुद्रे, कोपऱ्यातून थेंब. "तुमचं काम झाल्यापासून," म्हणाले. आठवड्यात सेक्रेटरींची नोटीस: आतल्या बाथरूमची गळती, सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करावी. माझे हातपाय गार पडले. म्हणजे सगळं परत फोडायचं. नवरा म्हणाला ग्राहक आयोगात जाऊ. चौकशी केली तर फी काही फार नाही, पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला दोनशे रुपये, दोन वर्षांची मुदत. पण दाखवायचं काय? साधा कागद, बिल नाही, अर्धे पैसे यूपीआयने आणि अर्धे रोख. अठरा टक्के आणि पाचशे रुपये वाचवले होते ना मी.

कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तो भांडायच्या तयारीने. तो पहिल्या रिंगला उचलेल असं वाटलं नव्हतं. "ताई, रविवारी येतो. तोवर कुणाला काही फोडू देऊ नका."

आला. एकटा, हातात टॉर्च आणि निळीची बाटली. जाळीच्या तोंडात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवलं, बादलीत नीळ कालवली आणि उंबरठ्याच्या खाली बोटभर राहील इतकं निळंशार पाणी बाथरूममध्ये भरून ठेवलं. मंगळवारपर्यंत दार उघडायचं नाही. आम्ही दोन दिवस दुसऱ्या बाथरूमपुढे रांग लावली. मंगळवारी खाली जाऊन पाहिलं तर थेंब पडतच होते, पण निळीचा मागमूस नाही. त्याने पांढरा रुमाल भिंतीला दाबून धरला आणि काकांच्या नाकासमोर नेला. मग वरच्या चौथ्या मजल्याला फ्लश करायला सांगितलं आणि स्वतः पाइप असतात त्या डक्टमध्ये शिरला. माणूस किलो-दोन किलोचा नाही, त्या अरुंद डक्टमध्ये तो आडवा होऊन कसा गेला देव जाणे. आतून हाक आली, "सापडलं!" बिडाचा जुना पाइप, सगळ्यांचा मिळून असलेला, त्याचा जॉइंट उघडा पडलेला. वर फ्लश केलं की तिथून धार सुटायची आणि थेट काकांच्या भिंतीवर. सामायिक ड्रेनेज लाइनची गळती, म्हणजे उपविधीप्रमाणे खर्च सोसायटीचा. सेक्रेटरींनी नोटीस मागे घेतली, कागदावर नाही, जिन्यात, तोंडी.

त्याच वेळी मला आठवलं की जानेवारीत वॉटरप्रूफिंगनंतर ह्याच माणसाने पाणी भरून ठेवायचं म्हटलं होतं. अठ्ठेचाळीस तास पुरतात, पण मी हट्टाने बहात्तर ठेवायला लावले होते आणि खालच्या काकांना छत बघायला लावलं होतं. फोटोवर तारीखही होती. घाबरल्यावर माणसाला स्वतःचेच फोटो आठवत नाहीत.

त्या दिवशी त्याने पंचवीस हजारांचं नाव काढलं नाही. चहा घेतला, दुसरा घेतला, गेला.

आता जे मार्चच्या मजकुरात मी लिहिलं नव्हतं ते. दुसऱ्या बाथरूममध्ये ढाळाचा काही प्रश्न नाही. मिस्त्री तोच, सिमेंट तेच, आठवडाही तोच. फरक लादीचा. तिथे एक बाय एकची अँटिस्किड लादी आहे. लहान लादी चारी बाजूंनी थोडी थोडी तिरकी बसवत कोपऱ्याकडे नेता येते. पहिल्या बाथरूममध्ये हॉलच्या उरलेल्या दोन बाय दोनच्या लाद्या आहेत, अख्ख्या बाथरूमला मोजून सात. एवढी मोठी लादी एकाच बाजूला झुकते, दोन बाजूंना नाही. कोपऱ्याकडे वळवायची तर तिरकी कापावी लागते, आणि कापलेली मला "ठिगळासारखी" दिसत होती. हे शब्द माझेच. कॉन्ट्रॅक्टर तेव्हा म्हणाला होता, "ताई, इथे एक बाय एकच टाका." मी म्हटलं, हॉलचे दोन बॉक्स उरलेत, ८८० चा एक, दुकानदार परत घेत नाही, वाया घालवू का? तो म्हणाला, "ठीक आहे, ॲडजस्ट करू."

दोन बॉक्स वापरून लहान लादीचे फार तर दीड हजार रुपये वाचले असतील.

तरीही माझं म्हणणं अजून तेच आहे, आणि ह्यावरून नवऱ्याशी रोज वाद होतो. नवरा म्हणतो त्याने सांगितलं होतं. मी म्हणते, सांगितलं आणि मग ॲडजस्ट करू म्हणाला. ढाळ मिळणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं तर "मी नाही लावणार" म्हणायला हवं होतं. डॉक्टर पेशंटचं ऐकून ॲडजस्ट करतो का? त्याच्या धंद्यात ह्या एका शब्दाने जितकी घरं बिघडली असतील तितकी वाळवीने बिघडली नसतील.

ऑगस्टमध्ये त्याला परत बोलावलं. विचारलं, ह्या सात लाद्या काढून लहान बसवायचं काय घेशील? खाली बसला, उंबरठ्यावर हात ठेवला. "फोडायला अर्धा दिवस ताई. पण दणक्याने खालचं वॉटरप्रूफिंग तडकलं, तर काका परत वर येतील. तेव्हा मग बिडाचा पाइप नसेल." पैसे मिळत असताना काम नको म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. म्हणजे "नाही" म्हणता येतं ह्याला. जानेवारीत का नाही म्हणाला, हे विचारायचं मनात होतं. विचारलंच. तो म्हणाला, "तेव्हा तुम्हाला ओळखत नव्हतो."

वीस हजार दिले. पाच अडवले, तलावपाळीचे. तो म्हणाला, "ताई, हे बरोबर नाही." मी म्हटलं, हो, नाही. घेतले त्याने.

बाकीचं थोडक्यात. वायरिंग उत्तम, एमसीबीवर प्रत्येक खोलीचं नाव मराठीत लिहून दिलं आहे. ओट्याची उंची माझ्या कोपराच्या मापाने घेतली, पाठ दुखायची थांबली. नळाला खालच्या मजल्यांसारखा दाब नाही पण पाणी पांढरं येतं. हॉलमध्ये खिडकीच्या कडेला पावसात रंग फुगला, तो बाहेरच्या भिंतीचा दोष, तेही सोसायटीच्या गळ्यात घातलं आहे, बघू. स्कर्टिंग दोन ठिकाणी पोकळ वाजतं.

मार्क? दीडचे साडेतीन केले आहेत. चार दिले असते. सकाळी पाय भिजतो तेव्हा देववत नाहीत.

देवदिवाळीनंतर बहिणीच्या डोंबिवलीच्या घराचं काम हाच घेणार आहे. तिला मी सांगितलंय: बिल घे, अठरा टक्के गेले तरी चालतील, करार पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर कर, गोण्या रोज संध्याकाळी मोज. आणि लेकीची गोटी तिला दिली आहे. लाद्या बसल्या की जाळीपासून दारापर्यंत प्रत्येक लादीवर सोडून बघायची, त्याशिवाय सांध्यांत ग्राउट भरू द्यायचं नाही, मिस्त्री काहीही म्हणो.